तोतया अतिनवतारे : ताऱ्यांच्या तेजाची नोंद कशी ठेवावी

(सामान्य विज्ञान व भूगोल, इयत्ता ५ वी ते ८ वी)

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळशाच्या खाणीमुळे सर्वांस परिचित आहे. तेथील आकाशाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास गावाबाहेर, दिव्यांकडे पाठ करून, दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. हात ताठ लांबवून मूठ मिटावी आणि मुठीची खालची कड क्षितिजावर टेकवावी. मुठीच्या वरच्या कडेशी जेथे पाहण्याजोगे विशेष असे काहीच आढळत नाही, तेथे एक तारा आहे. १८४३ साली हाच तारा, व्याधाचा अपवाद सोडल्यास, साऱ्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा होता.

मुठीचे हे माप मुलांना आधी समजावून द्यावे. लांबवलेल्या हाताची मूठ सुमारे १० अंश व्यापते. राजूर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून ध्रुवतारा तेथे उत्तर क्षितिजापासून दोन मुठी वर दिसतो. हा पडताळा मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावा. त्यानंतर दक्षिणेकडील गणित फळ्यावर मांडावे. सदर ताऱ्याचे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर दक्षिणेस सुमारे ६० अंश आहे. ९० मधून २० व ६० वजा केले म्हणजे १० उरतात. तारा मध्यरेषेवर आला म्हणजे क्षितिजापासून १० अंश, म्हणजे एक मूठ, वर असला पाहिजे. भूगोलाच्या पुस्तकातील अक्षांश हा शब्द ज्या मुलांना कोरडा वाटत होता, त्यांना तो या दोन मुठींनी एकदम जवळचा वाटू लागतो.

या ताऱ्यास ईटा कॅरिनी म्हणतात. तो नौकातल या तारकासमूहात, त्रिशंकूच्या पश्चिमेस आहे. शेतकऱ्यांच्या ओळखीचा अगस्त्य तारा याच दक्षिण आकाशात, आणखी पश्चिमेस आणि थोडा उंच असतो. १६७७ साली एडमंड हॅले यांनी सेंट हेलेना बेटावरून ईटा पाहिला, तेव्हा त्याची नोंद चौथ्या प्रतीचा तारा अशी झाली. (प्रतीचा क्रम वर्गातील क्रमांकाप्रमाणे असतो : संख्या जितकी लहान तितका तारा तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक.) १८३७ च्या डिसेंबरात केप येथे निरीक्षण करणाऱ्या जॉन हर्शेल यांना तो अकस्मात फार तेजस्वी झालेला दिसला. पुढे तो थोडा मंदावला. १८४३ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास राहणारे मॅके यांना तो पुन्हा झळाळताना दिसला. अगस्त्याच्या तोडीचा आणि स्वातीसारख्या रंगाचा, असे त्यांनी कळविले. येथे मुलांना थांबवून एक प्रश्न विचारावा. कलकत्ता राजूरच्या उत्तरेस आहे. मग तेथून हा तारा राजूरपेक्षा उंच दिसेल की खाली? उत्तर आहे : खाली. ज्या माणसाच्या क्षितिजाशी तारा आणखी चिकटून होता, त्याने तो टिपला, याचे कारण एवढेच की तो पाहत होता आणि पाहिलेले लिहून ठेवीत होता.

त्यानंतर तारा उतरू लागला. पुढे तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला आणि आठव्या प्रतीच्या जवळ जाऊन राहिला. १८८७ नंतरच्या काही वर्षांत एक लहानसा उद्रेक झाला. १९४० नंतरच्या दशकांत तो हळूहळू उजळत आला असून अलीकडच्या वर्षांत पुन्हा चौथ्या प्रतीच्या आसपास आहे.

१८४३ मध्ये जे घडले ते एखाद्या ताऱ्याच्या मृत्यूसारखे दिसत होते. प्रचंड वस्तुमानाचा तारा आयुष्याच्या अखेरीस आतून कोसळतो व त्याचा स्फोट होतो, त्यास अतिनवतारा म्हणतात. त्या स्फोटात मूळ तारा नाहीसा होतो. ईटा मात्र नाहीसा झाला नाही. अतिनवताऱ्याचे सोंग आणून मागाहून जिवंत सापडणाऱ्या अशा ताऱ्यांना मराठीत तोतया हाच शब्द शोभेल. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेत उभा राहिलेला तोतया मुलांनी इतिहासात वाचलेला असतो. त्या प्रकरणात पुणे दरबारापुढे जो प्रश्न होता तोच येथे ज्योतिषशास्त्रज्ञांपुढे असतो : खरा कोण, हे ओळखावयाचे कशावरून?

ताऱ्यास असे का व्हावे, याचे उत्तर चुलीवरच्या दुधाच्या दाखल्याने द्यावे. ताऱ्याचे गुरुत्व वायूला आत ओढीत असते आणि आतून येणारा प्रकाश त्याला बाहेर लोटीत असतो. प्रकाशालाही दाब असतो, हे मुलांना नवल वाटेल. सूर्यासारख्या ताऱ्यात हा दाब किरकोळ असतो. परंतु सूर्याच्या पन्नास-शंभर पट वस्तुमानाच्या ताऱ्याचे तेज सूर्याच्या लक्षावधी पट असते आणि तेथे प्रकाशाचा रेटा गुरुत्वाच्या ओढीला भिडू लागतो. जाळ जरा वाढला की दूध उतू जाते, पण पातेले फुटत नाही. तसेच या ताऱ्याचे बाहेरचे थर उसळून बाहेर पडतात, काही काळ तेज भडकते, आणि तारा उरतो. दाखल्याची मर्यादाही सांगावी. असा जाळ अकस्मात का वाढतो, यावर अद्याप एकमत झालेले नाही. ईटा हे तर जोडतारे आहेत. दुसरा तारा सुमारे साडेपाच वर्षांत एक फेरी पुरी करतो आणि उद्रेकात त्याचाही हात असावा, असे काही शास्त्रज्ञ मानतात. त्या उद्रेकात बाहेर पडलेले द्रव्य दहा सूर्यांहून अधिक भरते. थंड झाल्यावर त्यात धूळ बनली व त्या धुळीनेच ताऱ्याला झाकून टाकले. कोळशाच्या वाहतुकीच्या रस्त्याशेजारी राहणाऱ्या मुलांना धुळीने दिवा कसा मंद दिसतो हे निराळे शिकवावे लागणार नाही. आज तो तारा उजळत आहे याचे एक कारण ही धूळ पसरून विरळ होत आहे, हे आहे.

खरा व तोतया यांतील भेद दोन-तीन खुणांनी कळतो. अंतर ठाऊक असल्यास खरे तेज काढता येते. तोतयाचे तेज बहुधा खऱ्या अतिनवताऱ्याच्या दहाव्या, कधी शंभराव्या हिश्शाइतके असते. वर्णपट घेतला असता तोतयाचा वायू सामान्यतः सेकंदास काही शे किलोमीटर वेगाने पसरताना आढळतो, तर खऱ्या स्फोटात हा वेग हजारो किलोमीटर असतो. परंतु शेवटची खूण काळच देतो. वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे : तारा पुन्हा उसळला तर तो तोतया.

आणि तोतया समजला गेलेला तारा एके दिवशी खरा ठरला तर? असे घडलेले आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका आकाशगंगेत २००९ साली एक तारा भडकला. त्यास अतिनवतारा समजून ‘२००९ आयपी’ हे नाव देण्यात आले. थोड्याच अवधीत कळून आले की तारा शाबूत आहे. २०१० व २०११ मध्ये तो पुन्हा उसळला. २०१२ च्या उन्हाळ्याअखेर आणखी एक उसळी झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबरात, त्याचे तेज खऱ्या अतिनवताऱ्याइतके वाढले. हा अखेरचा स्फोट की आणखी एक सोंग, यावर दहा वर्षे वाद चालला. पुढे तो तारा स्फोटापूर्वीच्या तेजाच्याही खाली उतरला, आणि मूळ तारा उरलेला नाही असा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. २००९ पासूनची नोंद हाती नसती, तर २०१२ च्या घटनेचा अर्थ लावताच आला नसता.

जपानमधील कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाची हकीकत शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. २००४ च्या ऑक्टोबरात एका दूरच्या आकाशगंगेत त्यांना एक अंधूक ठिपका काही दिवस दिसला व मावळला. २००६ च्या ऑक्टोबरात नेमक्या त्याच जागी त्यांनाच अतिनवतारा सापडला. मरणापूर्वी दोन वर्षे तारा उसळला होता, हे त्या जुन्या नोंदीमुळे सिद्ध झाले. २००४ मध्ये त्या ठिपक्याला काडीचे महत्त्व नव्हते.

या कामात एका मराठी गावचे नावही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ साली जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांनी अमेरिकेत पालोमार पर्वतावरील दुर्बिणीने आकाशाचे तेच ते भाग पुनःपुन्हा टिपण्याची योजना २००९ साली सुरू केली. २०१८ पासून तिची मोठी आवृत्ती काम करू लागली. या साठविलेल्या चित्रांत मागे जाऊन पाहता, २०१० साली फुटलेला एक तारा स्फोटाच्या सुमारे ४० दिवस आधी उसळलेला आढळला. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, व क्षणिक ताऱ्यांवरील संशोधनासह एकूण कार्याबद्दल कुलकर्णी यांना २०२४ चे शॉ पारितोषिक मिळाले. लडाखमध्ये हानले येथे मुंबईची आय. आय. टी. व बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था यांनी मिळून उभारलेली ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण २०१८ पासून अशाच क्षणिक घटनांचा पाठलाग करीत आहे.

दुर्बिणी स्वयंचलित झाल्यावर खेड्यातील मुलाच्या डोळ्याचे काय काम, अशी शंका शिक्षकांच्या मनात येईल. तिचे उत्तर शास्त्राच्या गरजेतून देण्यापेक्षा शाळेच्या गरजेतून देणे अधिक प्रामाणिक ठरेल. पाहिलेले व वाचलेले यांत भेद करण्याची सवय प्राथमिक शाळेत लागली नाही तर पुढे ती लागणे कठीण असते, आणि ती लावण्यास रूपविकारी ताऱ्यासारखे साधन नाही. कारण आज रात्री त्याचे तेज किती, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नसते.

पद्धत सोपी आहे. ती बॉनचे ज्योतिषी आर्गेलांडर यांनी रूढ केली आणि १८४४ साली त्यांनी हौशी मंडळींना या कामासाठी आवाहन केले. बदलत्या ताऱ्याजवळचे, न बदलणारे दोन तारे निवडावेत : एक त्याहून तेजस्वी, एक त्याहून मंद. त्यांच्या प्रती नकाशावरून किंवा तारासूचीतून शिक्षकांनी आधी काढून ठेवाव्यात. दोहोंमधील अंतराचे मनाने दहा भाग करावेत आणि आपला तारा तेजस्वी ताऱ्यापासून किती भाग खाली आहे, ते ठरवावे. समजा, तेजस्वी ‘क’ ची प्रत ४.६ व मंद ‘ख’ ची ५.१ आहे. मुलास तारा ‘क’ पासून चार भाग खाली वाटला. दोहोंतील फरक ०.५, त्याचे चार दशांश ०.२, म्हणून अंदाज ४.८. दशांश अपूर्णांकाचा पाठ चालू असतानाच हे गणित घ्यावे. तेज टक लावून पाहू नये. नजर एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर भराभर फिरवावी. डोळे अंधाराला सरावण्यास निदान पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. बॅटरीच्या काचेला पतंगाचा लाल कागद दुहेरी बांधला म्हणजे वहीवर लिहिता येते आणि डोळेही बिघडत नाहीत.

आरंभ ईटापासून करू नये. राजूरच्या क्षितिजावर, विशेषतः उन्हाळ्यातील धुळीत, तो नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसणार नाही. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून, आजूबाजूच्या तेजोमेघाच्या अंधूक डागात, तो सापडेल. दहा अंश उंचीवर प्रकाशाला डोक्यावरच्यापेक्षा सुमारे साडेपाच पट हवेतून यावे लागते. त्यामुळे तुलनेचे तारेही त्याच उंचीवरचे, शेजारचेच घ्यावे लागतात. हे काम दोन वर्षे सराव झालेल्या मुलांसाठी राखून ठेवावे.

पहिला तारा मृगाच्या खांद्यावरील तांबडा काक्षी असावा. जानेवारी ते मार्च या काळात सायंकाळी तो सहज दिसतो. एरवी त्याची प्रत ०.५ च्या आसपास असते. तुलनेला प्रश्वा (०.४), रोहिणी (०.९) आणि मृगाचा दुसरा खांदा (१.६) हे तारे आहेत. २०१९-२० च्या हिवाळ्यात काक्षी मंदावत जाऊन फेब्रुवारीत दुसऱ्या खांद्याइतका झाला आणि तो लवकरच फुटणार अशा बातम्या सर्वत्र पसरल्या. तो फुटला नाही. त्याने स्वतःच सोडलेल्या वायूत बनलेली धूळ आड आली होती, आणि वसंतात तो पूर्ववत झाला. हा तोतया नव्हे, परंतु अस्थिर महाताऱ्याचा तो अगदी घरचा नमुना आहे.

दुसरे वर्ष हंस तारकासमूहातील ‘पी’ या ताऱ्याला द्यावे, कारण तो खराखुरा या जातीचा आहे. १६०० च्या ऑगस्टमध्ये हॉलंडचे नकाशाकार ब्लाऊ यांनी, पूर्वी जेथे काही नव्हते तेथे, तिसऱ्या प्रतीचा तारा पाहिला. पंचवीस-एक वर्षांनी तो दिसेनासा झाला, १६५५ च्या सुमारास पुन्हा चमकला, आणि अठराव्या शतकाच्या आरंभापासून पाचव्या प्रतीजवळ स्थिरावला आहे. ऑक्टोबरच्या आरंभी, पाऊस सरल्यावर, रात्री आठच्या सुमारास हंस जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या छातीच्या ताऱ्यापासून दक्षिणेस, अंगठ्याच्या रुंदीहून किंचित जास्त अंतरावर हा तारा शोधावा. मुलांना रात्री शाळेत बोलावण्याची मुळीच गरज नाही. घराच्या अंगणातून, घरच्या मोठ्या माणसाच्या सोबतीने निरीक्षण करावे. मुलींनाही मग काही अडचण राहत नाही.

येथे कंटाळा येईल, हे शिक्षकांनी आधीच ओळखावे. पुष्कळ महिने वहीत ४.८, ४.८, ४.७, ४.८ असेच येईल. कोणी मूल आकाश न पाहताच मागचा आकडा उतरवील. कोणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावेल. एखादी मुलगी ५.२ लिहील व बाकीची तिला हसतील. अशा वेळी तिचा आकडा खोडून ४.८ करावयास सांगणारा शिक्षक तिच्या हातून दोन गोष्टी काढून घेतो : तिची नोंद आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास. त्याऐवजी विचारावे की तुलनेला कोणता तारा घेतला होता, ढग होते काय, किती वाजले होते. बहुतेक वेळा चूक तेथे सापडते व मुलगी ती स्वतःच सांगते. सापडली नाही तर ५.२ तसाच राहू द्यावा, समोर केवळ शेरा लिहावा. सर्व मुलांचे आकडे तंतोतंत जुळले तर शिक्षकांनी सावध व्हावे. निरनिराळ्या डोळ्यांचे अंदाज दोन-तीन दशांशांनी वेगळे असणे हेच स्वाभाविक आहे.

तारा दिसला नाही तर ओळ कोरी सोडू नये. ‘दिसला नाही’ असे लिहून त्या भागात दिसलेला सर्वांत मंद तारा कोणता, हे नोंदवावे. ढगाळ रात्रीही तारीख घालून ‘ढग’ एवढे लिहावे. एका दूरच्या आकाशगंगेतील ‘२०१६ बीएलयू’ हा तोतया सुमारे ११३ दिवसांच्या अंतराने पुनःपुन्हा उसळतो, असे जे आढळून आले, ते मोठ्या दुर्बिणींच्या व हौशी निरीक्षकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर. त्यांत उसळी नसलेल्या रात्री वगळल्या असत्या तर ११३ हा आकडा निघालाच नसता.

वही एकच असावी, जाड पुठ्ठ्याची, आणि ती शाळेची मालमत्ता म्हणून दप्तरात नोंदलेली असावी. रकाने सहा पुरेत : दिनांक, वेळ, आकाशाची स्थिती, तुलनेचे तारे, अंदाज, निरीक्षकाचे नाव. शाईने लिहावे. चूक झाल्यास एक रेघ मारावी, जेणेकरून खालचा आकडा वाचता येईल. वर्षअखेर आलेखाच्या कागदावर दिनांक आडवे व प्रती उभ्या मांडून, तेजस्वी बाजू वर ठेवून, ठिपके घालावेत. आठवीचे मूल शाळा सोडून जाईल तेव्हा त्याने आपला तारा पाचवीच्या एका मुलास एका रात्री दाखवून द्यावा व दोघांनी त्या दिवसाच्या ओळीवर आपापला अंदाज वेगवेगळा लिहावा. शिक्षकाची बदली झाल्यास पदभार देतेवेळी इतर दप्तराबरोबर ही वहीही यादीत घालावी. शेवटची ओळ कोणत्या तारखेची आहे, ते नव्या शिक्षकाने पाहून घ्यावे.